पेशी वयातच येत नाहीत तेव्हा : तीव्र ल्युकेमिया आणि जनुकांवरचा ताबा

सूक्ष्मदर्शी :

नमस्कार मंडळी,

ल्युकेमियावरच्या मागच्या चर्चेत एपिजेनेटिक्सचा, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या खुणांचा, उल्लेख दोन-तीनदा आला आणि तिथेच राहून गेला. यावर स्वतंत्र धागा काढायचा हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मी रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. त्यामुळे इथलं वाचून कुणीही औषधांत परस्पर बदल करू नये, ही विनंती आधीच करून ठेवते.

ब्लड कॅन्सर म्हणजे पांढऱ्या पेशी वाढणं, असं आपण सर्रास म्हणतो. तीव्र ल्युकेमियातला खरा घोटाळा निराळा आहे. अस्थिमज्जेत मूळपेशीपासून टप्प्याटप्प्यानं प्रौढ रक्तपेशी घडतात. ही घडण मध्येच अडते. ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या पेशी, विभागत राहतात, पण त्यांच्यापासून कामाची पेशी तयारच होत नाही. मायलॉइड वंशाच्या पेशी अडल्या तर एएमएल, लिम्फॉइड वंशाच्या अडल्या तर एएलएल. मज्जेत या कोवळ्या पेशींचीच गर्दी झाली की लाल पेशी आणि प्लेटलेट घडायला वाव उरत नाही. थकवा, ताप, रक्तस्राव ही लक्षणं तिथूनच येतात.

मग घडण अडते कशामुळे? मूळपेशी आणि तिच्यापासून झालेली न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी प्रौढ पांढरी पेशी) यांच्यातला डीएनए एकच. फरक असतो तो कोणती जनुकं वाचली जातात आणि कोणती मिटलेली राहतात यात. हे दोन पातळ्यांवर ठरतं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या सायटोसिनवर मिथाइल गट चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक सहसा मुकं होतं. दुसरी पातळी हिस्टोन प्रथिनांची. आठ हिस्टोनच्या एकेका गाठोड्याभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात. हिस्टोनच्या शेपट्यांवर ॲसिटिल गट बसले की गुंडाळी सैलावते आणि जनुक वाचता येतं. हिस्टोनवरचा मिथाइल गट मात्र कुठे बसलाय यावर सगळं अवलंबून: एच३ हिस्टोनच्या ४ क्रमांकाच्या लायसिनवर (लायसिन हा प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) असेल तर जनुक चालू असल्याची खूण, २७ क्रमांकाच्या लायसिनवर असेल तर बंद असल्याची. प्रत्येक खूण लिहिणारी, पुसणारी आणि वाचणारी प्रथिनं वेगवेगळी असतात.

आणि एएमएलमध्ये नेमकी हीच प्रथिनं बनवणारी जनुकं पुन्हा पुन्हा बिघडलेली सापडतात. २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पानं २०० प्रौढ एएमएल रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेका रुग्णात जनुकांमधली म्युटेशनं, म्हणजे डीएनएतले बदल, सरासरी फक्त १३ निघाली. मोठ्यांच्या बहुतेक कर्करोगांच्या मानानं हा आकडा फार लहान आहे. पण ४४ टक्के रुग्णांत डीएनए मिथिलेशनशी संबंधित एखादं जनुक बिघडलेलं होतं. इतक्या थोड्या म्युटेशनांत पेशी एवढी वाट कशी चुकते, याचं बरंचसं उत्तर मला इथे दिसतं. एकच नियंत्रक बिघडला तरी त्याच्या हाताखालची शेकडो जनुकं एकदम हलतात.

डीएनएमटी३ए हे मिथाइल लावणारं प्रथिन, टेट२ हे ते काढण्याची सुरुवात करणारं. दोन्हींची म्युटेशनं एएमएलमध्ये नेहमी दिसतात. केएमटी२ए आणि मेनिन यांच्यावर पुढच्या प्रतिसादात लिहिते, तो भाग जरा मोठा आहे.

शंकासुर :

ताई, उत्तम धागा. पण शेवटच्या परिच्छेदाशी अडलो. मिथाइल लावणारा बिघडला तरी ल्युकेमिया आणि काढणारा बिघडला तरी ल्युकेमिया? मग मिथाइल जास्त झाल्यानं आजार होतो की कमी झाल्यानं?

सूक्ष्मदर्शी :

शंकासुर, नेमक्या जागी बोट ठेवलंत. एकूण मिथाइल किती, या हिशेबानं हे कोडं सुटत नाही. कुठे आणि केव्हा, हे बघावं लागतं. उंदरांच्या रक्तमूळपेशींतून डीएनएमटी३ए काढून टाकलं तर त्या स्वतःच्या नकला काढत राहतात, पण प्रौढ पेशींकडे जाणं कमी कमी होत जातं, कारण मूळपेशीपण टिकवणारी जनुकं वेळेवर मिटत नाहीत. टेट२ काढलं तर प्रौढ होण्यासाठी लागणाऱ्या जनुकांच्या नियंत्रक भागांवर मिथाइल साचून राहतं आणि ती नीट उघडत नाहीत. कारणं दोन, अडकण्याची जागा जवळजवळ एकच.

याहून सुंदर दुवा आयडीएच जनुकांचा आहे. ही खरं तर पेशीच्या ऊर्जाचक्रातली एन्झाइमं, डीएनएशी त्यांचा थेट संबंध नाही. २००९ मध्ये एका एएमएल रुग्णाचा अख्खा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचताना आयडीएच१ मधलं म्युटेशन सापडलं. बिघडलेलं आयडीएच नेहमीच्या अल्फा-कीटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं भलतंच रसायन बनवायला लागतं. टेट२ ला काम करायला अल्फा-कीटोग्लुटारेट लागतं, आणि दिसायला त्याच्यासारखंच असलेलं हे रसायन टेट२ ची जागा अडवून बसतं. म्हणजे टेट२ धडधाकट असूनही बसूनच. म्हणूनच टेट२ आणि आयडीएच या दोघांची म्युटेशनं एकाच रुग्णात सहसा एकत्र सापडत नाहीत. एकानं काम भागलं की दुसऱ्याची गरज उरत नाही. चयापचयातला बिघाड थेट जनुकांच्या खुणांपर्यंत कसा पोचतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

आणि ही नुसती माहिती राहिली नाही. आयडीएच२ रोखणारं इनासिडेनिब २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आयडीएच१ साठीचं आयवोसिडेनिब २०१८ मध्ये. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आहेत. त्यांचं काम मुख्यतः ब्लास्टना मारणं नव्हे, अडलेली वाट मोकळी करणं.

वाटसरू :

शंकासुर यांच्या प्रश्नावरून सुचलं. दारं धरताना पाणी पुढच्या वाफ्यात न्यायचं तर पुढचं दार फोडावं लागतं आणि मागचं बुजवावं लागतं. दोन्हींतलं एक काम राहिलं तरी पाणी मागच्याच वाफ्यात तुंबतं. डीएनएमटी३ए बुजवणारा, टेट२ फोडणारा. बरोबर ना?

सूक्ष्मदर्शी :

वाटसरू, अगदी बरोबर. आता केएमटी२ए.

याचं जुनं नाव एमएलएल. ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, ११क्यू२३ या जागी हे जनुक असतं. त्याचं प्रथिन एच३ च्या ४ क्रमांकाच्या लायसिनवर मिथाइल लावतं, म्हणजे जनुकं चालू ठेवणाऱ्या खुणा लिहितं. रक्ताच्या मूळपेशींत एचओएक्सए९, एमईआयएस१ ही जनुकं चालू असतात आणि पेशी प्रौढ होताना ती मिटायला हवीत. काही ल्युकेमियांत गुणसूत्र तुटून केएमटी२ए चा अर्धा भाग दुसऱ्याच एखाद्या जनुकाला जोडला जातो. असे जोडीदार ऐंशीहून अधिक सापडले आहेत, पण एएफ४, एएफ९, ईएनएल, एएफ१० हेच थोडेथोडके पुन्हा पुन्हा दिसतात. यांतले बरेचसे जोडीदार जनुक जोरात वाचणाऱ्या यंत्रणेचेच भाग आहेत. शिवाय ते डॉट१एल नावाचं एन्झाइम ओढून आणतात, जे एच३ च्या ७९ क्रमांकाच्या लायसिनवर मिथाइल लावतं. परिणाम असा की एचओएक्सए९ आणि एमईआयएस१ मिटतच नाहीत.

एक वर्षाखालच्या बाळांना होणाऱ्या एएलएलमध्ये साधारण ७० ते ८० टक्के वेळा केएमटी२ए ची ही मोडतोड असते. त्या पेशींचा जीनोम वाचला तर ही एक जोडणी सोडून बाकी म्युटेशनं अगदी मोजकी. या बाळांचे रिपोर्ट हातात आले की जीव कासावीस होतो. मोठ्या मुलांच्या एएलएलमध्ये आज बहुसंख्य मुलं बरी होतात. या तान्ह्या बाळांच्या गटात निकाल अजूनही फार मागे आहेत. त्यामुळे पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

केएमटी२ए ला आपल्या जागी धरून ठेवायला मेनिन नावाचं प्रथिन लागतं. मेनिनच्या पृष्ठभागावर एक खोबण आहे, केएमटी२ए चं टोक तिच्यात बसतं. तीच खोबण आधी भरून टाकणारं औषध दिलं तर जोड सुटतो, एमईआयएस१ उतरतं आणि ब्लास्ट प्रौढ व्हायला लागतात. रेव्ह्यूमेनिब हे असं पहिलं औषध. केएमटी२ए ची मोडतोड असलेला, उलटलेला (आटोक्यात येऊन परत आलेला) किंवा इतर उपचारांना न जुमानणारा तीव्र ल्युकेमिया आणि रुग्णाचं वय किमान १ वर्ष, या अटींवर अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. एनपीएम१ या दुसऱ्या एका जनुकाचं म्युटेशन असलेला एएमएलही याच एचओएक्स जनुकांवर जगतो. प्रौढांच्या एएमएलमध्ये एनपीएम१ चं प्रमाण सुमारे ३० टक्के, त्यामुळे २०२५ मध्ये त्या गटासाठीही मेनिन-रोधक मंजूर झाले.

जादू मात्र नव्हे. मंजुरीच्या चाचणीत पूर्ण प्रतिसाद साधारण पाचांतल्या एका रुग्णाला मिळाला. आधीचे सगळे उपाय थकलेल्या रुग्णांच्या दृष्टीनं हे थोडं नाही, पण पुरेसंही नाही. काही रुग्णांत मेनिनच्याच जनुकात म्युटेशन होऊन खोबणीचा आकार बदलतो. मग औषध तिथे नीट बसत नाही, केएमटी२ए मात्र बसतं. यावरून पेशीला मेनिनची किती गरज असते तेही कळतं.

पारिजात :

फार दिवसांनी असं सविस्तर वाचायला मिळालं. एक विचारते. "पेशीला प्रौढ करणं" हे खरंच होतं की बोलायची पद्धत आहे? म्हणजे ब्लास्ट मरतात आणि नव्या निरोगी पेशी येतात, असंही असू शकेल ना?

सूक्ष्मदर्शी :

पारिजात, यासाठी एपीएल, म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाकडे जाऊ. एएमएलचाच हा एक प्रकार. यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन पीएमएल-आरएआरए हे जोडप्रथिन बनतं. ते हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमांना पेशी प्रौढ करणाऱ्या जनुकांवर आणून बसवतं आणि ती जनुकं मिटवून ठेवतं.

शांघायमध्ये वांग चेन-यी यांनी १९८५ साली एका लहान मुलीला ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एट्रा हे औषध दिलं. १९८८ मध्ये त्यांच्या गटानं २४ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. पीएमएल-आरएआरए ची ओळख पटली ती त्यानंतर, १९९० च्या आसपास. म्हणजे औषध आधी लागू पडलं आणि ते का लागू पडतं हे मागाहून कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर काचपट्टीवर बघता येतं. एपीएलच्या पेशींत ऑअर रॉड नावाच्या जांभळट-लाल काड्या असतात, कधीकधी एकाच पेशीत मोळी बांधल्यासारख्या. निरोगी न्यूट्रोफिलमध्ये त्या नसतात. एट्रा सुरू झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) बघत गेलं की केंद्रकाला खाचा पडायला लागलेल्या, मग खंड पडलेल्या पेशी दिसतात, आणि त्यांतल्या काहींच्या आत ती काडी तशीच असते. म्हणजे ही न्यूट्रोफिल त्या आजारी पेशीचीच. गुणसूत्रांच्या तपासणीतही अशा प्रौढ पेशींत १५ आणि १७ ची अदलाबदल सापडली आहे. पेशी मेली नाही, मोठी झाली, आणि मग न्यूट्रोफिलच्या नेहमीच्या छोट्या आयुष्यानंतर गेली. मी पहिल्यांदा ती काडी पाहिली तेव्हा पट्टी बराच वेळ सोडवत नव्हती.

पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भर पडली. ते पीएमएल-आरएआरए प्रथिनच मोडायला लावतं. कमी आणि मध्यम जोखमीच्या एपीएलमध्ये ही दोन औषधं नेहमीच्या केमोथेरपीशिवाय दिली तर काय होतं, याची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली: २ वर्षांनी ९९ टक्के रुग्ण हयात होते. एके काळी रक्तस्रावानं काही दिवसांत माणूस नेणारा हा आजार होता. आजही पहिले काही दिवस धोक्याचेच असतात, म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय रिपोर्टची वाट न बघता एट्रा सुरू करतात.

वाटसरू :

अवांतर: हे वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली आहे.

मीनल :

सूक्ष्मदर्शी ताई, मी इथे सहसा लिहीत नाही. माझ्या आईला एएमएल आहे, वय ७४. ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलंय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नातेवाईक म्हणतात, तिनं आयुष्यभर ताण घेतला, त्यानं एपिजेनेटिक्स बिघडलं. मीही रात्र रात्र हेच वाचत बसते. आणि दुसरं, पहिल्या सायकलनंतर, म्हणजे औषधांच्या पहिल्या फेरीनंतर, तिचे काउंट (रक्तपेशींची संख्या) उलट आणखी पडलेत. औषध लागू पडत नाहीये का?

सूक्ष्मदर्शी :

मीनल, आधी ताणाचं. नाही. आईच्या स्वभावानं किंवा तिच्या वाट्याला आलेल्या आयुष्यानं हे झालेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाच्या हातून काही राहून गेलं म्हणूनही नाही. एपिजेनेटिक्स म्हटलं की आहार, विचार, ताण यांवरचं बरंच काही वाचायला मिळतं. एएमएलमध्ये जे घडतं ते वेगळं आहे: एका रक्तमूळपेशीत खुणा लिहिणारं किंवा पुसणारं जनुक बिघडतं आणि त्या एका पेशीचा वंश वाढतो. वाढतं वय हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. पूर्वी घेतलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन, बेंझिन, धूम्रपान यांनी जोखीम वाढते. बहुतेक रुग्णांत बोट दाखवावं असं काहीच सापडत नाही. नातेवाइकांना हे सांगा, आणि आईच्या कानावर त्यांचं ते बोलणं जाऊ देऊ नका.

काउंटबद्दल. ॲझासिटिडिन हे सायटोसिनसारखं दिसणाऱ्या रेणूंपैकी आहे. १९६० च्या दशकात प्राग इथे ते बनवलं गेलं आणि आधी साध्या केमोथेरपीसारखं मोठ्या मात्रेत वापरून बघितलं. १९८० च्या सुमारास पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की पेशींना ते थोड्या प्रमाणात दिलं तर त्यांची जात बदलते. उंदराच्या साध्या भ्रूणपेशींपासून चक्क स्नायूपेशी झाल्या, आणि त्याचं कारण मिथाइल उतरणं हे होतं. औषध डीएनएत शिरतं आणि मिथाइलच्या खुणांची नक्कल करणारं एन्झाइम तिथे अडकून पडतं. त्यामुळे पेशी विभागेल तशा खुणा फिक्या होत जातात. खुणा जायला पेशी विभागाव्या लागतात, म्हणूनच हे औषध एकट्यानं दिलं तर निर्णय घ्यायला ४ ते ६ सायकल थांबतात. व्हेनेटोक्लॅक्स जोडलं की प्रतिसाद लवकर येतो आणि पहिल्या सायकलच्या शेवटी मज्जा तपासतात.

काउंट पडण्याचे अर्थ दोन असू शकतात. मज्जेत ब्लास्ट उरले नसतील तर हा औषधाचा परिणाम, आणि तेव्हा पुढची सायकल लांबवतात किंवा व्हेनेटोक्लॅक्सचे दिवस कमी करतात. ब्लास्ट तसेच असतील तर वेगळा विचार. हा निवाडा मज्जेच्या रिपोर्टवरच होतो, म्हणून तो कधी आहे ते विचारून घ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या जोडीनं रुग्णांचं मध्यम आयुर्मान १४.७ महिने झालं, एकट्या ॲझासिटिडिननं ९.६. ते रुग्ण ७५ किंवा त्याहून मोठे किंवा जोरदार केमोथेरपी न सोसणारे होते. यातला कुठलाही आकडा तुमच्या आईचा नाही. कुणी वर्षानुवर्षं चांगले राहतात.

आणि ३८ अंशांवर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना. न्यूट्रोफिल पडलेल्या असताना हा नियम सगळ्यात मोलाचा. इंजेक्शनच्या जागी लालसर चट्टे आले तर घाबरू नका, ॲझासिटिडिन कातडीखाली दिल्यावर ते नेहमी येतात. जागा बदलत ठेवतातच, फक्त नर्सना दाखवा.

मीनल :

धन्यवाद ताई. मज्जेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. पहिला परिच्छेद भावाला वाचून दाखवला.

शंकासुर :

मीनल, आईंना लवकर आराम पडो.

ताई, एक उलटा प्रश्न. खुणा पुसता येतात हे एवढं चांगलं असेल तर ॲसिटिल गट टिकवणारी औषधंही चालायला हवी होती. त्यांचं काय झालं? आणि क जीवनसत्त्वानं टेट२ चालू होतं असं वाचलंय, तेही सांगा.

सूक्ष्मदर्शी :

व्होरिनोस्टॅट, पॅनोबिनोस्टॅट अशी हिस्टोन डीॲसिटिलेझ, म्हणजे ॲसिटिल गट काढणारी एन्झाइमं, रोखणारी औषधं एएमएलमध्ये एकट्यानं फारशी चालली नाहीत. प्रॅसिनोस्टॅट ॲझासिटिडिनबरोबर देऊन बघितलं. तिसऱ्या टप्प्याची ती चाचणी उपयोग दिसत नाही म्हणून २०२० मध्ये थांबवली. डॉट१एल रोखणारं पिनोमेटोस्टॅट प्रयोगशाळेत देखणं होतं, रुग्णांत त्याचा परिणाम तोकडा पडला. माझं मत असं: ॲसिटिल खुणा अख्ख्या जीनोमभर असतात. त्या सरसकट वाढवल्या की हवी ती जनुकं उघडतात आणि नको तीही. ज्या औषधांनी बाजी मारली ती बहुतेक एका ठरावीक बिघाडावर नेम धरणारी आहेत: एट्रा, आर्सेनिक, आयडीएच-रोधक, मेनिन-रोधक. ॲझासिटिडिन हाच काय तो मोठा अपवाद.

एएलएलबद्दल कमी लिहिलं गेलं, म्हणून एवढं जोडते. उलटलेल्या एएलएलमध्ये सीआरईबीबीपी या ॲसिटिल लावणाऱ्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आढळतं. २०११ च्या अभ्यासात असे सुमारे १८ टक्के रुग्ण होते. स्टेरॉइडला प्रतिसाद देणारी जनुकं उघडायला हे प्रथिन लागतं. स्टेरॉइड तर एएलएलच्या उपचाराचा कणा. आजार परत येतो तो औषध चुकवायला शिकून, आणि ते शिकणं या खुणांमधून होतं.

क जीवनसत्त्व: टेट२ ला लोह लागतं आणि क जीवनसत्त्व त्या लोहाला कामाच्या रूपात ठेवतं, त्यामुळे तर्क पक्का आहे. २०१७ मध्ये उंदरांवरचे प्रयोग चांगले निघाले. रुग्णांत आजार बरा करतं असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे चालू उपचारांत आपल्या मनानं मोठ्या मात्रेत घेऊ नये.

पारिजात :

शेवटचं. माझ्या ओळखीत एकांचा एएमएल पूर्ण आटोक्यात आहे, पण रिपोर्टमध्ये डीएनएमटी३ए अजून दिसतंय. घरचे हवालदिल झालेत.

सूक्ष्मदर्शी :

हे नेहमी घडतं, पारिजात. डीएनएमटी३ए, टेट२ आणि एएसएक्सएल१ यांची म्युटेशनं ल्युकेमियाच्या कित्येक वर्षं आधी एखाद्या मूळपेशीत झालेली असतात. २०१४ च्या अभ्यासांत सत्तरीच्या पुढच्या साधारण १० टक्के लोकांच्या रक्तात, कुठलाही आजार नसताना, असा एखादा वंश सापडला; त्यांच्यातून रक्ताच्या कर्करोगाकडे वर्षाला अर्धा ते एक टक्का जातात. केमोथेरपीनं ल्युकेमिया गेला तरी तो आधीचा वंश मागे राहू शकतो, आणि तो बऱ्यापैकी नीट रक्त बनवतो. २०१८ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात आजार आटोक्यात असताना फक्त ही तीन जनुकं उरली असतील तर आजार उलटण्याची शक्यता वाढलेली आढळली नाही. म्हणून उरलेला आजार मोजताना त्यांना धरत नाहीत. एनपीएम१ चं तसं नाही, ते परत दिसलं किंवा वाढत गेलं तर गांभीर्यानं घेतात. त्यांच्या घरच्यांना सांगा, निदानाच्या वेळच्या रिपोर्टमध्ये एनपीएम१ होतं का ते बघा, आणि असेल तर आता त्याचं काय झालंय हे डॉक्टरांना विचारा.